केशरी स्पंजाचा निकाल

आमच्या डॉक्टरांबरोबर रस्त्याने चालायची मला लाज वाटायची. दातांचे डॉक्टर, परळला स्वतःचा दवाखाना, हाताला गुण असा की दात कधी निघाला ते पेशंटला कळायचंही नाही. मी त्यांच्याकडे मदतनीस होते, म्हणजे हत्यारं उकळण्यापासून फोन घेण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. आता अशा माणसाबरोबर चालायला लाज का वाटावी? तर अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कपाळावर चढवलेला पोहायचा चष्मा आणि गळ्यात पारदर्शक डब्यात बंद केलेला कॅमेरा, अशा थाटात ते नाक्यावर उभे राहून टॅक्सीला हात करायचे. एकही टॅक्सी थांबायची नाही. मग मला पुढे करायचे. "बाई, तुम्ही करा हात. तुम्ही सभ्य दिसता."

पाण्याखालचे फोटो काढणं हे त्यांचं वेड. वर्षातून दोनदा मालवणला जाऊन खोल पाण्यात उतरायचे आणि परत आले की तो काळा रबरी पोशाख दवाखान्याच्या गॅलरीत वाळत घालायचे. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींनी एकदा मला हाक मारून विचारलं, "अगो, तुमच्याकडे कोण उलटो टांगून ठेवलोहा? बिल नाय दिल्यान काय?"

बाकी वर्षभर मुंबईतलेच खडक. ओहोटीला समुद्र मागे गेला की खडकांच्या खळग्यांत पाणी उरतं, त्यात हे कॅमेरा बुडवून बसायचे. मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते. त्यामुळे ऐन अमावास्येला दवाखान्याला कुलूप आणि डॉक्टर बूट घालून पसार. चाळीत माझ्या शेजारणी विचारायच्या, तुझा डॉक्टर काही करतो का गं तसलं? मी म्हणायचे, करतो, पण माणसांवर नाही.

मला ते बरोबर न्यायचे, कारण टॉवेल, छत्री आणि जास्तीची बॅटरी धरायला कोणीतरी हवं. ती जागा मी सांगणार नाही, ते का ते पुढे येईलच. तिथे हा पन्नाशी उलटलेला माणूस ओल्या खडकावर गुडघे टेकून, तोंड पाण्याजवळ नि पार्श्वभाग आकाशाकडे करून तासन्‌तास बसायचा. फिरायला आलेले लोक थांबायचे. "काय पडलं काय हो? अंगठी?" मी म्हणायचे, "हो, अंगठी." काय सांगणार? एकदा दोन भले गृहस्थ पँट वर करून शोधायलाच उतरले. डॉक्टर त्यांच्यावर ओरडले, "पाय उचला! तुम्ही एका कुटुंबावर उभे आहात!" त्या दोघांनी आधी पायाखाली पाहिलं, मग माझ्याकडे. मी समुद्राकडे बघत राहिले.

दवाखान्यात तर पेशंटची सुटकाच नव्हती. तोंड उघडं, त्यात आरसा आणि नळी, आणि डॉक्टर वरून सांगतायत की शंख नसलेली एक समुद्री गोगलगाय असते, नखाएवढी, पण रंग असे की पैठणीने लाजावं. पेशंट "आं आं" करायचा. डॉक्टरांना वाटायचं, त्याला पुढचं ऐकायचंय.

"आधी नीट बघा, मग बोला" हे त्यांचं पालुपद. मला दिवसातून चारदा तरी ऐकवायचे. स्वतः मात्र उलटं करायचे. कॅमेऱ्याच्या त्या डब्याच्या झाकणाला एक रबरी रिंग असते. तिच्यावर साधा केस जरी अडकला तरी पाणी आत शिरतं आणि कॅमेरा गेला. एकदा तसा गेला. खडकावरच माझ्यावर बरसले, "तुमचे ते लांब केस! हजारदा सांगितलं, टोपी घाला!" दवाखान्यात येऊन मी ती रिंग पुसली. केस निघाला, पांढराशुभ्र आणि बोटाएवढा. माझे तेव्हा काळेभोर होते. मी तो केस कापसावर घेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. त्या संध्याकाळी त्यांनी मला वडापाव आणून दिला. माफी काही मागितली नाही. मागता येतच नसे त्यांना. तो अवयवच नव्हता.

या वेडातूनच त्यांनी फोनवर ग्रुप काढला, फोटोखाली कमेंटी लिहायच्या असा, नव्याने आलेल्यालाही जुनं सगळं दिसणारा. "पाण्याखालचे शेजारी" त्याचं नाव. आधी मालवणचे बुडी मारणारे दोघंतिघं आणि डॉक्टर. मग वाढत वाढत तो इतका वाढला की शिवाजी पार्कचे निवृत्त साहेब, कॉलेजची पोरं, परदेशातले हौशी, सगळे त्यात. लोक फोटो टाकायचे, डॉक्टर प्राण्याचं नाव सांगायचे. म्हणजे डॉक्टर बोलायचे आणि मी टाइप करायचे, कारण त्यांचे हात कुणाच्या तरी तोंडात असायचे. एका बाजूला ड्रिल चालू आणि दुसऱ्या बाजूला "लिहा बाई" चालू.

ग्रुपचे नियम कडक. प्राण्याला हात लावायचा नाही, उचलून दुसरीकडे ठेवायचा नाही. फोटोत रंग भरायचे नाहीत. आणि जागा सांगायची नाही. पूर्वी एकाने कौतुकाने जागा सांगितली, तर मत्स्यालयवाले येऊन तो अख्खा खळगा उपसून घेऊन गेले होते. डॉक्टर त्याला "दरोडा" म्हणायचे. तेव्हापासून नवीन माणूस आला की आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, "तुम्हाला इथे का यायचं आहे?" उत्तर पटलं तरच डॉक्टर आत घेणार. आत घेतलेल्याला बाहेर काढायलाही ते मागेपुढे बघायचे नाहीत. लोकांना ते आवडायचं. न्यायाधीश म्हणायचे त्यांना, आणि डॉक्टर खोटंखोटं रागवायचे.

माटुंग्याची एक मुलगी होती ग्रुपात. कॉलेजात शिकणारी, बोलायला कमी, साधा कॅमेरा. अक्कलदाढेसाठी आमच्याकडे आली होती आणि आं आं करत नव्हती, खरंच ऐकत होती. डॉक्टर तर खूशच. दाढ काढून झाल्यावर तोंडात कापूस असताना तिने फोनवर लिहून विचारलं, "सर, या गोगलगायी काय खातात?" त्यानंतर ती ओहोटीला एकटीच फिरायची, फोटो पाठवायची, चुकलं तर पुन्हा जायची.

थंडीत तिने एक फोटो टाकला. निळसर अंगाची, जांभळ्या काठाची गोगलगाय, लख्ख केशरी स्पंजावर बसलेली. मला त्यातलं कळत नाही, पण मीसुद्धा हातातलं काम टाकून बघत राहिले. ग्रुपात वाहवा सुरू झाली. डॉक्टरांनी खुर्चीवरच्या पेशंटला तसंच ठेवून फोन हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही करड्या स्पंजावर असते. तोच खाते. केशरीवर बसत नाही ती. उचलून ठेवली आहे पोरीने, फोटो छान यावा म्हणून."

मी म्हटलं, "डॉक्टर, विचारा तरी तिला."

"दात किडलाय की नाही हे दाताला विचारतात का? लिहा बाई."

मी लिहिलं. "हा फोटो खोटा आहे. प्राण्याला हात लावून, हलवून काढलेला आहे. असे लोक आपल्याला नकोत."

तिने लगेच उत्तर दिलं, "सर, मी हात नाही लावला. मी आले तेव्हा ती तिथेच होती." मग सगळे तुटून पडले. कोणी म्हणालं, चोराच्या उलट्या बोंबा. कोणी म्हणालं, हल्लीच्या पोरांना लाइक पाहिजेत. शिवाजी पार्कचे साहेब म्हणाले, एवढी खरी असशील तर जागा सांग, आम्ही जाऊन बघतो. तिने लिहिलं, "जागा सांगायची नाही असा नियम आहे ना." त्यावर लोकांनी हसरे चेहरे टाकले. एकावर एक, हसून डोळ्यांत पाणी आलेले ते पिवळे चेहरे, नुसती रांग लागली. डॉक्टर म्हणाले, "काढा तिला." मी बटण दाबलं. पेशंट आ वासून बघत होता.

होळीच्या सुमाराला मोठी ओहोटी होती. आम्ही नेहमीच्या खडकांवरून जरा पुढे गेलो, एरवी पाणी असतं त्या बाजूला. डॉक्टर एका खळग्यापाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. ना "बॅटरी द्या", ना "छत्री इकडे". मला वाटलं कंबर धरली. जवळ जाऊन बघते तर पाण्यात केशरी स्पंज आणि त्यावर तीच निळी गोगलगाय, जांभळ्या काठाची. एवढंच नाही, ती अंडी घालत होती. पांढरी फीत वेटोळं करत स्पंजावर चिकटवत चालली होती. आता मला कळत नसलं तरी एवढं कळतं, की जिथे बाळंतीण व्हायचं ती जागा बाई स्वतःच निवडते. कोणी उचलून ठेवलेली अंडी घालत बसत नाही.

डॉक्टरांनी फोटो काढला. जन्मात एकदा मिळतो असा फोटो. मग ते खडकावर बसले, पाण्यात पाय सोडून, बुटांत पाणी गेलं तरी उठले नाहीत.

"बाई, तिने जागा का नाही सांगितली?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलेलं सांगू नका म्हणून."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला लाजलेलं पाहिलं नव्हतं. रबरी बूट घालून लालबागच्या गर्दीतून जाताना जो लाजला नाही, तो त्या ओसाड खडकावर, माझ्या एकटीसमोर, कानापर्यंत लाल झाला.

आता सरळ माणूस काय करेल? फोटो ग्रुपात टाकेल आणि चुकलो म्हणेल. आमच्या डॉक्टरांनी काय केलं? दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर तो फोटो उघडायचे आणि पेशंट आला की झाकायचे. आधी म्हणाले, पोरीच्या फोटोतल्या गोगलगायीची जात वेगळी असेल. दात बघायचं भिंग लावून दोन्ही फोटो ताडून पाहिले. जात तीच. मग एक दिवस बघते तर फोटो अर्धा कापलेला. नुसती गोगलगायीची मान आणि शिंगं, केशरी स्पंज गायब.

"असा टाकला तर?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

मला असं कसंसंच झालं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर ह्यांनी त्याला जिवंत सोडलं नसतं. मी म्हटलं, "टाका. आणि मग ग्रुपचे नियम पण कापून टाका."

त्यांनी कापलेला फोटो पुसला. त्या आठवड्यात ते पेशंटशी एक शब्द बोलले नाहीत. लोक मला बाहेर येऊन विचारायचे, डॉक्टरांना बरं नाहीये का? मी डॉक्टरांनाच एकदा सुनावलं, "डॉक्टर, टाका ना तो फोटो. होऊन जाऊ दे." ते म्हणाले, "बाई, तुम्हाला नाही कळणार. बाहेर मी नुसता दातवाला आहे. त्या ग्रुपात माझं नाव आहे." हे ते इतक्या गरिबासारखं बोलले की मला त्यांचा राग येईना आणि दयाही येईना. मला त्यांच्या वतीने लाज वाटायला लागली, आणि ही लाज बुटांच्या लाजेसारखी हसण्यावारी नेता येईना.

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. मुलीच्या घरी जाऊन माफी मागायची. ग्रुपात नाही, घरी. पेशंट असल्यामुळे पत्ता होताच. भेट म्हणून त्या फोटोची मोठी प्रत फ्रेम करून घेतली. मी म्हटलं, "माफी मागायला जाताना स्वतःचाच फोटो?" तर म्हणाले, "रिकाम्या हाताने कसं जायचं?" दादरहून पेढे घेऊ म्हटलं तर ते सुचलंच नव्हतं त्यांना.

दार तिच्या आईने उघडलं. विमा कंपनीत नोकरीला, नुकत्याच घरी आलेल्या, पर्स अजून खांद्याला. डॉक्टरांचं नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"अय्या, तुम्ही सर? या ना! किती सांगायची ही तुमच्याबद्दल! सर असे म्हणाले, सर तसे म्हणाले. हल्ली अभ्यासामुळे सोडलं म्हणते समुद्रावर जाणं. मी म्हटलं, अगं सर काय म्हणतील?"

मुलगी आतल्या दारात येऊन उभी राहिली. तिने डॉक्टरांकडे बघून मान हलवली, अगदी थोडी, नाही अशी. सांगू नका. घरी तिने काहीच सांगितलं नव्हतं. आई फ्रेम हातात घेऊन भिंतीवर कुठे छान दिसेल ते बघत होत्या.

मला वाटलं, आता हे गप्प बसणार. चहा पिऊन आशीर्वाद देऊन निघणार. पण डॉक्टर उभे राहिले.

"अभ्यासामुळे नाही सोडलं तिने. मी तिला काढलं. खोटारडी म्हणून काढलं. ती खोटं बोलत नव्हती. मी न बघता बोललो."

आईंनी फ्रेम खाली ठेवली. मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "जाऊ दे ना मम्मी."

"जाऊ दे काय? तू तेव्हा आठवडाभर जेवत नव्हतीस. मला म्हणालीस, ॲसिडिटी झालीये." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "सगळ्यांसमोर काढलंत?"

"हो."

"आणि माफी इथे, आमच्या घरात? दार लावून?"

चहा तसाच राहिला. निघताना त्यांनी मुलीला एवढंच विचारलं, ग्रुपात परत येशील का. ती म्हणाली, "नको सर. तिथे आता मला भीती वाटते." फ्रेम आईंनी परत आमच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टाइप करू दिलं नाही. सकाळचे पेशंट पुढे ढकलले आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत स्वतः लिहिलं. सगळं लिहिलं. मुलगी खरी होती, मी खोटा पडलो, मी तिला विचारलंसुद्धा नाही, तिने माझाच नियम पाळला म्हणून जागा सांगितली नाही आणि आपण सगळे तिला हसलो. पुरावा म्हणून खाली फोटो जोडला.

आणि काय झालं? "अफलातून सर!" "वर्षातला सर्वोत्तम!" "अंडी घालताना! कमाल!" "कॅमेरा कोणता सर?" फोटोखाली नुसता पाऊस कौतुकाचा. वर लिहिलेलं एकानेही वाचलं नव्हतं. डॉक्टर बघत राहिले. मग त्यांनी फोटो काढून टाकला, नुसता मजकूर ठेवला. त्यावर थोडे लोक आले. "तुमचा मोठेपणा सर." "जाऊ द्या सर, होतं असं." मुलीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. शिवाजी पार्कच्या साहेबांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. डॉक्टरांनी फोन टेबलावर आपटला. "मोठेपणा! मी काय सत्कार घ्यायला बसलोय?"

मीच मग हळूच सांगितलं, "डॉक्टर, ती ग्रुपात नाहीये. हे सगळ्यांना दिसतंय, तिला सोडून."

मग त्यांनी मला तिच्या घरी फोन करायला लावला, ग्रुपात सगळं लिहिलंय एवढं मी तिच्या आईंना कळवलं. दोन दिवसांनी आत येण्यासाठी एक नवीन विनंती आली. मी वाचली आणि फोन तसाच घेऊन आत गेले. डॉक्टर एका काकांची दाढ भरत होते, तरी त्यांना थांबवलं. तुम्हाला इथे का यायचं आहे, या प्रश्नाला उत्तर होतं, "माझी मुलगी इथे होती. तिच्याबद्दल जे लिहिलंय ते वाचायचं आहे. आत्ताचं आणि आधीचं."

मी म्हटलं, "डॉक्टर, जुनं आधी पुसून टाकू का? निदान त्या कमेंटी?"

"नको."

"आई आहे ती."

"म्हणूनच नको," असं म्हणून त्यांनी हातमोजा काढला आणि मंजूर केलं.

त्या दुपारी डॉक्टरांनी काम केलं, पण प्रत्येक पेशंट उठला की फोनकडे बघायचे. संध्याकाळी त्या जुन्या फोटोखाली, हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेच्याही खाली, एक ओळ उमटली. "सगळं वाचून झालं. मी हिची आई."

एवढंच. पण त्यामुळे ते जुनं भांडण सगळ्यांच्या फोनवर पुन्हा वर आलं. त्या दिवशी जे जे बोलले होते, हसले होते, त्या सगळ्यांना ते दिसलं. आम्ही दोघं बघत होतो. थोड्या वेळाने एक हसरा चेहरा नाहीसा झाला. मग दुसरा. मग भराभर. चोराच्या उलट्या बोंबावाला आपली कमेंट पुसून गेला. लाइकवालं वाक्य गेलं. साहेबांचं "जागा सांग" गेलं. कोणी एक शब्द लिहिला नाही, कोणी माफी मागितली नाही, सगळे आपापल्या पावलांचे ठसे पुसून हळूच बाहेर पडले.

शेवटी त्या भांडणात तिघंच उरली. ती मुलगी म्हणत होती, सर, मी हात नाही लावला. तिची आई म्हणत होती, वाचून झालं. आणि वर डॉक्टरांच्या नावाने मी टाइप केलेलं, हा फोटो खोटा आहे.

मी पुसायचं बटण त्यांच्यापुढे धरलं. एका बोटाचं काम होतं. खुर्चीत पेशंट नव्हता, दवाखान्यात तिसरं कोणी नव्हतं.

"माझं राहू दे, बाई," डॉक्टर म्हणाले. "त्या परत आल्या तर त्यांना वाटायला नको की मी पण पळालो."